'अलेज्ड', 'डिस्चार्ज', 'ट्रेसपास': इंग्रजी अर्ज लिहिताना कोर्टाचे आणि दवाखान्याचे शब्द कसे वापरायचे?

कसारा हे मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी मार्गावरचं शेवटचं स्टेशन. इथून पुढे थळ घाट, म्हणजेच आपण म्हणतो तो कसारा घाट लागतो आणि घाट चढला की नाशिक जिल्हा सुरू होतो. रेल्वे आणि मुंबई-नाशिक महामार्ग दोन्ही इथूनच जातात. आजूबाजूला जंगल आणि भातशेती. त्यामुळे लोकलमधून पडणं, घाटातला अपघात, शेतावर झालेला सर्पदंश या घटना शहापूर आणि मुरबाड तालुक्यांना नवीन नाहीत.

अशा घटनेनंतरचे पहिले काही तास रुग्णाला वाचवण्याच्या धावपळीत जातात. त्यानंतर सुरू होते कागदांची धावपळ. पोलिसांचा पंचनामा आणि जबाब मराठीत असतात. दवाखान्याचा केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, पोस्टमॉर्टेमचा अहवाल बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. रेल्वेकडे, विमा कंपनीकडे किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीकडे करायचा अर्जही अनेकदा इंग्रजीतच लागतो. मग घरातला कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी, नाहीतर कोर्टाबाहेरचा टायपिस्ट तो लिहून देतो.

घोळ नेमका इथेच होतो. मराठीत जे साधं सांगितलेलं असतं, ते इंग्रजीत भारदस्त वाटावं म्हणून एखादा कायद्याचा किंवा डॉक्टरी शब्द घातला जातो. त्या शब्दाला ठरलेला अर्थ असतो आणि त्या अर्थावर कधी लाखोंची भरपाई, कधी गुन्ह्याचं कलम अवलंबून असतं. असे नेहमी लागणारे शब्द कोणते आणि ते कसे वापरायचे, हे समजून घेऊया.

लोकलमधून पडले की रुळ ओलांडत होते?

सुरुवात रेल्वेपासून करू, कारण एका शब्दाने सगळं कसं बदलतं हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

रेल्वे कायदा, १९८९ मध्ये 'अनटोवर्ड इन्सिडंट' असा शब्द आहे. मराठीत आपण त्याला अनुचित किंवा अनिष्ट घटना म्हणतो. कलम १२३ मध्ये त्याची व्याख्या दिली आहे. दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल अशा गोष्टींबरोबरच 'प्रवासी गाडीतून प्रवाशाचं अपघाताने पडणं' हेही त्यात येतं. कलम १२४-अ नुसार अशा घटनेत रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठीची ही रक्कम ८ लाख रुपये आहे. त्याआधी ती ४ लाख होती. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो आणि त्याची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. उशिराचं पुरेसं कारण पटवून दिलं तर न्यायाधिकरण नंतरही दावा घेऊ शकतं.

याच कायद्यात दुसरा शब्द आहे 'ट्रेसपास', म्हणजे रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं. रुळ ओलांडणं त्यात येतं आणि कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे. रुळ ओलांडताना गाडीची धडक बसून झालेला मृत्यू 'गाडीतून पडणं' या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे कलम १२४-अ ची भरपाईही मिळत नाही.

आता अर्ज लिहिणाऱ्याने 'रेल्वेखाली आला' याचं भाषांतर 'रन ओव्हर बाय ट्रेन' असं केलं तर काय होईल? माणूस डब्यातून पडून चाकाखाली आला की रुळ ओलांडताना, हे त्या शब्दांतून कळत नाही. 'हिट बाय ट्रेन' लिहिलं तर अर्थ रुळ ओलांडण्याकडेच झुकतो. घटना गाडीतून पडण्याची असेल तर 'फेल फ्रॉम ट्रेन' हेच साधे शब्द लिहायला हवेत.

कुणीच पाहिलेलं नसेल तर? मृतदेह रुळाच्या कडेला सापडला असेल, तर तेच लिहायचं. कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, कुठल्या किलोमीटरच्या खांबाजवळ, किती वाजता आणि पंचनाम्यात काय नोंद आहे. तो कुठून कुठे प्रवास करत होता, हे घरच्यांना माहीत असेल तर ते वेगळ्या वाक्यात. डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली, की उलटतपासणीत पूर्ण अर्जावरच शंका घेतली जाते.

'नेग्लिजन्स' आणि 'सेल्फ-इन्फ्लिक्टेड' यात फरक काय?

कलम १२४-अ मध्ये भरपाई न देण्याची पाच कारणं दिली आहेत. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य आणि नैसर्गिक कारण किंवा आजार.

यातल्या 'सेल्फ-इन्फ्लिक्टेड इंज्युरी' या शब्दावर बरीच वर्षं वाद होता. दारात उभा होता, चालती गाडी पकडत होता, म्हणजे इजा स्वतःच करून घेतली, असं रेल्वेकडून म्हटलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रभाकरन विजय कुमार प्रकरणात चढताना पडणं हेही 'अपघाताने पडणं' आहे असं सांगितलं. २०१० च्या जमीला प्रकरणात उघड्या दारात उभं राहणं हा फार तर निष्काळजीपणा होईल, गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं म्हटलं. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात न्यायालयाने निष्काळजीपणा आणि स्वतः करून घेतलेली इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट केलं. स्वतः करून घेतलेल्या इजेत तसा हेतू असावा लागतो.

याच निकालात आणखी एक महत्त्वाचा मुद्दा आहे. मृताजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून तो 'बोना फाइड पॅसेंजर', म्हणजे रीतसर प्रवासी नव्हता असं ठरत नाही. दावा करणाऱ्याने प्रवासाबद्दलची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यायची, त्यानंतर ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. त्यामुळे तिकीट सापडलं नसेल तर अर्जात 'तिकीट सापडलं नाही' असंच लिहावं. 'विदाउट टिकिट' लिहिलं, की आपणच त्याला विनातिकीट प्रवासी ठरवून मोकळे होतो.

नशेच्या बाबतीतही असंच. डॉक्टरांनी 'स्मेल ऑफ अल्कोहोल' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तोंडाला दारूचा वास होता, इतकाच. 'इंटॉक्सिकेटेड' म्हणजे नशेच्या अमलाखाली असणं. पहिल्या शब्दाच्या जागी दुसरा लिहायचा अधिकार अर्ज लिहिणाऱ्याला नाही.

डॉक्टरांनी 'अलेज्ड' लिहिलं, म्हणजे त्यांना शंका आहे का?

नाही. अपघात, मारहाण, विषबाधा, भाजणं अशा रुग्णांच्या कागदावर 'अलेज्ड हिस्टरी ऑफ' असे शब्द किंवा त्याची 'ए-एच-ओ' अशी तीन अक्षरं दिसतात. 'अलेज्ड' म्हणजे कुणीतरी सांगितलेलं, अजून सिद्ध न झालेलं. डॉक्टर घटनास्थळी नव्हते, म्हणून रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने जे सांगितलं ते त्यांनी त्या शब्दाखाली नोंदवलं. 'खोटं सांगतायत' असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणूनच दवाखान्यात पहिल्यांदा काय सांगता, याला महत्त्व असतं. गडबडीत सोबत आलेल्या शेजाऱ्याने 'पडला' एवढंच सांगितलं तर कागदावर 'हिस्टरी ऑफ फॉल' येतं. गाडीतून पडला की झाडावरून, हे पुढे वेगळं सिद्ध करावं लागतं.

असेच आणखी काही शब्द:

- 'कम्प्लेंट्स ऑफ': रुग्णाला होणारा त्रास. पोटदुखी, चक्कर, उलटी. पोलिसांच्या तक्रारीशी याचा संबंध नाही.
- 'डिनाइज': विचारल्यावर रुग्ण 'नाही' म्हणाला. मधुमेह आहे का, दारू घेतली का, अशा प्रश्नांचं उत्तर. काही लपवतोय असा अर्थ नाही.
- 'एमएलसी': मेडिको-लीगल केस. दवाखान्याने पोलिसांना कळवायची केस. एमएलसी नोंद झाली म्हणजे एफआयआर झाला असं समजू नका.
- 'रेफर्ड': पुढच्या दवाखान्यात पाठवलं. कसाऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून ठाण्याला किंवा नाशिकला असा प्रवास इथे अनेकांचा होतो. प्रत्येक ठिकाणच्या चिठ्ठीवरची वेळ जपून ठेवा.
- 'डामा' किंवा 'लामा': डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेलं. घरचे स्वतःहून मोठ्या दवाखान्यात नेत असतील आणि सही या शब्दाखाली घेतली गेली असेल, तर विम्याच्या दाव्यात प्रश्न येऊ शकतो. सही करण्याआधी वाचा. डॉक्टरांनीच पुढे पाठवलं असेल तर 'रेफर्ड' लिहून मागा.
- 'ब्रॉट डेड': दवाखान्यात आणण्याआधीच मृत्यू झालेला होता. अर्जात मग 'उपचारादरम्यान मृत्यू' लिहू नये. दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढ्यावरूनही फाइल परत येते.

मृत्यूचं कारण: 'हृदय बंद पडलं' हे पुरेसं का नाही?

मृत्यू कुठल्याही कारणाने होवो, शेवटी हृदय आणि श्वास थांबतोच. 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' हे त्याचं डॉक्टरी नाव. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नाही. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावरच सूचना छापलेली असते, की मृत्यूला कारण ठरलेला आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, हृदय बंद पडणं अशासारखा मृत्यूचा प्रकार लिहू नका. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी हा नमुना ४ असतो, बाहेरच्या मृत्यूसाठी ४-अ.

या प्रमाणपत्रात कारणं साखळीसारखी लिहितात. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झालं आणि सगळ्यात खाली मूळ कारण. अर्जात उतरवताना ही साखळी पूर्ण उतरवायची. फक्त पहिली ओळ घेतली तर सर्पदंशाने गेलेला माणूस कागदावर 'हृदय बंद पडून' गेलेला दिसतो.

याने काय फरक पडतो? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विंचूदंश आणि रेल्वे-रस्ते अपघात त्यात धरले जातात. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या धरली जात नाही. म्हणजे सगळा दावा एका कारणाच्या ओळीवर उभा असतो.

सर्पदंशाच्या बाबतीत एक चूक विशेष टाळायला हवी. 'विष चढलं' याचं इंग्रजी 'पॉयझनिंग' असं करू नका. दवाखान्याच्या आणि पोलिसांच्या भाषेत 'पॉयझनिंग' म्हटलं की आधी कीटकनाशक आठवतं आणि कीटकनाशक म्हटलं की आत्महत्येची शंका येते. सापाचं विष अंगात भिनणं याला 'एन्व्हेनोमेशन' असा वेगळा शब्द आहे. तो आठवला नाही तरी चालेल, 'स्नेक बाइट' हे दोन शब्द पुरेसे आहेत.

साप कुणी पाहिलाच नसेल तर केस पेपरवर 'अननोन बाइट' असं येतं. मण्यार बऱ्याचदा रात्री झोपेत चावते, दुखत नाही आणि खूण जेमतेम दिसते. रुग्ण पहाटे पोटदुखी किंवा पापण्या जड झाल्याची तक्रार घेऊन उठतो. अशा वेळी डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणं आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन दिल्याची नोंद महत्त्वाची ठरते. अर्जात तिचा उल्लेख करा. घोणस होती की फुरसं, हे अंदाजाने लिहू नका.

पोस्टमॉर्टेमच्या अहवालात कधी 'ओपिनियन रिझर्व्ड' असं असतं. म्हणजे व्हिसेरा तपासणीला पाठवला आहे, अहवाल आल्यावर अंतिम मत देऊ. हे वाचून घातपाताचा संशय आहे असं समजू नये. अर्जातही 'कॉज ऑफ डेथ अननोन' लिहू नये. 'अंतिम मत राखून ठेवलं आहे, अहवाल आल्यावर सादर करू' असं लिहावं.

हाड मोडलं की गुन्हा मोठा होतो का?

हो, कायद्यात तसंच आहे. मारहाणीच्या प्रकरणात 'सिंपल हर्ट' आणि 'ग्रीव्हस हर्ट' असे दोन शब्द येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, अवयव जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं याबरोबरच हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं हेही त्यात आहे. जिवाला धोका निर्माण करणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी, नेहमीची कामं करू न देणारी दुखापतही गंभीर मानली जाते. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मुदत वीस दिवस होती. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या घटनेला जुनं कलम लागतं.

साध्या दुखापतीचा गुन्हा अदखलपात्र आहे आणि त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत. गंभीर दुखापतीचा दखलपात्र आणि सात वर्षांपर्यंत. त्यामुळे 'खूप मारलं' याचं भाषांतर म्हणून 'ग्रीव्हसली असॉल्टेड' लिहिणं योग्य नाही. खूप रक्त गेलं तरी कायद्याने दुखापत साधी असू शकते, आणि वरून न दिसणारं बोटाचं फ्रॅक्चर गंभीर ठरतं. अर्जात एक्स-रेचा निष्कर्ष जसाच्या तसा लिहा. उजवा हात की डावा, तेही न विसरता.

एकच शब्द, दोन दुकानं

काही इंग्रजी शब्द दवाखान्यात एका अर्थाने चालतात आणि कोर्टात दुसऱ्या. सगळ्यात जास्त गोंधळ यांचा.

'डिस्चार्ज': दवाखान्यात रुग्णाला घरी सोडणं. फौजदारी कोर्टात खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोपनिश्चितीआधी आरोपीला मुक्त करणं. विमा कंपनीच्या 'डिस्चार्ज व्हाउचर'मध्ये मात्र आपण कंपनीला जबाबदारीतून मोकळं करतो. त्यावर 'फुल अँड फायनल' असं असेल, तर आणखी काही मागणं नाही असं लिहून दिल्यासारखं होतं. रक्कम कमी वाटत असेल तर सही करण्याआधी विचारा.

'कम्प्लेंट': डॉक्टरांसाठी त्रास. बोलीत पोलिसात दिलेली तक्रार. फौजदारी कायद्यात मात्र 'कम्प्लेंट' म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेली फिर्याद. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला असेल तर 'एफआयआर' हाच शब्द वापरा.

'ॲडमिट': दवाखान्यात भरती होणं. कायद्यात कबूल करणं. 'ड्रायव्हर म्हणाला' याचं इंग्रजी 'ड्रायव्हर ॲडमिटेड' केलं की त्याने कबुली दिली असा अर्थ होतो. 'सेड' किंवा 'स्टेटेड' लिहा.

'ॲबॉर्शन': अनेक बायकांना हा शब्द जिव्हारी लागतो. डॉक्टरी भाषेत गर्भ आपोआप पडला तरी त्याला 'स्पॉन्टेनियस ॲबॉर्शन' म्हणतात. मराठीत तो गर्भपात झाला, केला नाही. कागदावर हा शब्द पाहून कुणी सुनेला जाब विचारू नये, म्हणून मागचा 'स्पॉन्टेनियस' हा शब्द सोडता कामा नये. कायद्यात मात्र 'मिसकॅरेज' हा शब्द गर्भपात घडवून आणण्याच्या गुन्ह्यातही वापरला जातो.

'मायनर': इजेबद्दल असेल तर किरकोळ. व्यक्तीबद्दल असेल तर अठरा वर्षांखालील.

'इश्यू': बोलण्यात अडचण. वारसाच्या कागदात 'विदाउट इश्यू' म्हणजे मूलबाळ नसताना.

पोलीस आणि कोर्टाच्या कागदात

'एनसी' म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत. हातात एनसीची पावती असताना अर्जात 'एफआयआर नंबर' लिहिला तर पडताळणीत तो सापडत नाही. अपघाती मृत्यूत आधी 'एडीआर', म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते. तिचा क्रमांकही वेगळा असतो.

एफआयआरची प्रत माहिती देणाऱ्याला मोफत मिळते. घटना घाटात ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत घडली की नाशिकच्या, या वादात नोंद अडू नये यासाठी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तरतूद आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावी लागते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात.

माणसाला काय म्हणायचं, हेही ठरलेलं आहे. नाव फक्त संशयात असेल तर 'सस्पेक्ट', गुन्हा नोंदला की 'ॲक्यूज्ड', दोष सिद्ध झाल्यावर 'कन्व्हिक्ट'. 'मर्डरर' हा शब्द निकाल लागण्याआधी अर्जात लिहू नये. जामीन मिळणं म्हणजे सुटणं नव्हे. पूर्ण खटला चालून सुटका झाली तर ती 'ॲक्विटल'.

महाराष्ट्रात तपास बंद करण्याच्या अहवालाला 'समरी' म्हणतात. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. 'बी' म्हणजे तक्रार खोटी. 'सी' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. 'केस बंद झाली' एवढंच लिहिलं तर यातला फरक हरवतो.

पैसे कुणाच्या नावाने? वारस, नॉमिनी, अवलंबून असलेले

'लीगल हेअर' म्हणजे कायद्याने वारस. 'नॉमिनी' म्हणजे रक्कम स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती. 'डिपेंडंट' म्हणजे अवलंबून असलेली व्यक्ती. तिन्ही एकच असतील असं नाही. रेल्वे कायद्यात 'डिपेंडंट' कोण, याची वेगळी यादीच कलम १२३ मध्ये आहे. तिथे फक्त 'लीगल हेअर' लिहून भागत नाही, मृताशी नातं आणि त्याच्यावर अवलंबून असणं दोन्ही लिहावं लागतं.

प्रमाणपत्रांचंही तसंच. 'सक्सेशन सर्टिफिकेट' १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, बँकेतल्या ठेवी आणि रोख्यांसारख्या येण्यासाठी मिळतं. 'हेअरशिप सर्टिफिकेट' आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतं. दोन्ही कोर्टातून घ्यावी लागतात. सातबाऱ्यावर तलाठ्यामार्फत होणारी वारस नोंद ही तिसरी गोष्ट. समोरचं कार्यालय नेमकं काय मागतंय ते लिहून घ्या, नाहीतर महिनोनमहिने चुकीच्या दारात जातात.

मग अर्ज लिहायचा कसा?

१. आधी मराठीत लिहा. काय झालं, कुठे, केव्हा, कुणी पाहिलं. मग त्याचं साध्या इंग्रजीत भाषांतर करा.

२. पारिभाषिक शब्द फक्त कागदावरून घ्या आणि कुठल्या कागदावरून घेतला ते त्याच वाक्यात सांगा. 'ॲज रेकॉर्डेड इन' हे तीन शब्द त्यासाठी पुरेसे आहेत.

३. पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावरचं वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा.

४. डॉक्टरांचं संक्षिप्त रूप स्वतः उलगडू नका. कळलं नाही तर त्यांनाच विचारा. रुग्णाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या विनियमांत नियम आहे.

५. कागदात चूक दिसली तर ती अर्जात परस्पर सुधारू नका. ज्याने लिहिलं त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्या.

६. तारखेत महिना अक्षरी लिहा. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते पाहा. वेगळं असेल तर तसं नमूद करा.

एक नमुना पाहू. समजा, वाक्य असं आहे: 'माय ब्रदर वॉज किल्ड ड्यू टु ग्रॉस नेग्लिजन्स ऑफ रेल्वे.' यात राग आहे, माहिती नाही. 'ग्रॉस नेग्लिजन्स' लिहिलं की तो सिद्ध करायची जबाबदारी आपण ओढवून घेतो आणि कलम १२४-अ मध्ये तर त्याची गरजच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: 'माय ब्रदर फेल फ्रॉम अ मूव्हिंग लोकल ट्रेन बिट्वीन खर्डी अँड उंबरमाळी. ही डाइड ऑफ हेड इंज्युरी, ॲज रेकॉर्डेड इन द पोस्टमॉर्टेम रिपोर्ट.' दोन्ही वाक्यं शाळेतल्या इंग्रजीत बसतात. त्यात कुठे, कसं, कशाने आणि कुठल्या कागदानुसार, सगळं आलं. पडताना कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव पुढच्या वाक्यात.

मराठीत अर्ज चालत नाही का?

अनेक ठिकाणी चालतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. तहसील, कृषी कार्यालय, पोलीस ठाणं इथे तर मराठीच चालते. तिथे अवघड इंग्रजी लिहून फायदा काहीच नाही. इंग्रजी लागतं ते प्रामुख्याने उच्च न्यायालय, केंद्राची न्यायाधिकरणं आणि खासगी कंपन्यांकडे. अडलेल्या शब्दासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत आणि ते इंटरनेटवरही पाहता येतात.

लिहून देणारं कुणी नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. शहापूर-मुरबाडमधल्या वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांना म्हणजे हा हक्क थेट लागू आहे. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. जाताना सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा आणि अर्ज टाइप झाल्यावर सही करण्याआधी प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा.